न पडलेल्या इमारतीची चौकशी

आमची ओळख एका जळालेल्या गोदामात झाली. माझ्या आईला हे सांगायला संकोच वाटायचा. पुण्याच्या नातेवाइकांना ती "हैदराबादला कामाच्या निमित्ताने भेटले" एवढंच म्हणायची. माझा नवरा मात्र कोणीही विचारलं की सांगायचा, "राखेत सापडली मला ही."

गोदाम बेगम बाजारातलं होतं, मसाल्याचं. आग विझली होती, पण आत पाय ठेवला की मिरची घसा धरायची आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. मी तेव्हा नुकतीच पुणं सोडून विद्यानगरजवळच्या एका कॉलेजात शिकवायला आले होते. आगीत इमारतीचं पोलाद कसं वागतं, हा माझा विषय. गोदामाचा मागचा मजला वाकून खाली आला होता आणि उरलेला भाग वापरण्याजोगा आहे का, हे बघायला मालकांनी मला बोलावलं होतं. मी नाकाला ओढणी बांधून एका वाकलेल्या तुळईचं माप घेत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, तुम्ही यात काय लिहिणार?"

तिथे मराठी ऐकून मी दचकलेच. खाकी कपड्यातला एक उंच माणूस दारात उभा होता. ज्या तुकडीने ती आग विझवली, तिचा तो अधिकारी.

"मजला का पडला ते लिहिणार," मी म्हटलं.

"ते नक्को मला. पडायच्या आधी किती वेळ होता ते लिहा."

"ते कशाला?"

"त्या वेळात माझी पोरं आत होती."

कोणाला काही झालं नव्हतं. त्याची माणसं बाहेर आली आणि थोड्याच वेळात मजला खाली बसला. ते निव्वळ नशीब होतं हे त्याला कळत होतं, आणि नशिबाच्या भरवशावर माणसं आत पाठवणं त्याला सहन होत नव्हतं.

न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडले तेव्हा मी पुण्यात शिकत होते. सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं तेच मीही पाहिलं. पुढे कितीतरी दिवस लोक म्हणत होते की विमानाच्या इंधनाने पोलाद वितळलं. ते वितळलं नव्हतं. विमानं आदळली तेव्हा काही खांब तुटले, तरी मनोरे उभे राहिले होते. पण त्या धडकेने आणखी एक गोष्ट केली होती, जी बाहेरून कोणाला दिसली नाही. आगीपासून राखण करायला पोलादावर जाड लेप फवारलेला असतो, तो जागोजागी झडून गेला. मग उघडं पोलाद तापत राहिलं. तापलेलं पोलाद मऊ पडतं. मजले झोळीसारखे लोंबले, आणि लोंबता लोंबता त्यांनी बाहेरच्या खांबांना आत ओढलं. चौकशी करणाऱ्या इंजिनिअरांनी हे सगळं वर्षानुवर्षं खपून, वाकलेल्या तुकड्यांवरून आणि चित्रफितींवरून जुळवून काढलं. ते वाचताना मी ठरवलं की आपण हेच करायचं. धडक आणि पडणं यांच्या मधला जो वेळ असतो, त्याचा अभ्यास करायचा.

तो वेळ मला तोपर्यंत गणितातला वाटत होता. त्या वेळात आत माणसं असतात आणि काही माणसं तर जिने चढून आत जात असतात, हे मला त्या गोदामात कळलं.

नंतर तो कॉलेजात यायला लागला. कुठे आग विझवली की तिथला वाकलेला एखादा लोखंडाचा तुकडा आणून माझ्या टेबलावर ठेवायचा. "हे असं कसं काय वळलं, सांगा." त्याचे आजोबा निजामाच्या काळात मराठवाड्यातली शेती भावांवर सोपवून हैदराबादेत आले आणि घर बरकतपुऱ्यात झालं. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत तेलुगू. त्याच्या एका वाक्यात तिन्ही सापडायच्या. मी "अनुमान" म्हटलं की तो म्हणायचा, "अंदाजा बोला ना, कैकू जीभ दुखवता?"

एकदा त्याने विचारलं, "मॅडम, धुरात मला मोजपट्टी लावता येत नाही. डोळ्यांना काय दिसलं की निघायचं, ते सांगा."

याचं उत्तर माझ्या कुठल्या पुस्तकात तयार नव्हतं. मी बरेच दिवस विचार केला. मग त्याला म्हटलं, दारं बघ. इमारत वाकायला लागली की चौकटी तिरक्या होतात. सहज उघडणारं दार घासायला लागतं, अडतं. खांबाची कड खिडकीच्या कडेशी ताडून बघ. दोन्ही सरळ असतात, त्यांतली एक वाकडी दिसली की थांबू नकोस. त्याने हे आपल्या लोकांना आपल्या भाषेत शिकवलं: "दरवाजा अडा तो समझो घर बोल रहा. निकलो."

आमचं लग्न झालं. सासूबाईंसमोर मी त्याला "अहो" म्हणायचे, कामाच्या जागी "साहेब" आणि गॅलरीत दोघंच असलो की "तू". तो मात्र सगळीकडे मला "मॅडम"च म्हणायचा, अगदी सासूबाईंसमोरसुद्धा. "बायकोला कोणी मॅडम म्हणतं का रे?" असं त्या विचारायच्या. "शिकवते ना मला ती," तो म्हणायचा.

हॉटेलात गेलो की तो आधी बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते बघायचा आणि मगच खुर्ची ओढायचा. लग्नाच्या हॉलमध्ये आहेराच्या रांगेतून अचानक गायब व्हायचा. मागच्या दाराचं कुलूप उघडायला लावून परत यायचा. आमची मुलगी लहानपणी म्हणायची, "पप्पा आले की सगळीकडे दारं उघडतात."

शहर पश्चिमेकडे वाढत होतं. जिथे पूर्वी नुसते खडक होते, तिथे काचेच्या उंच इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यांतल्या काही पोलादाच्या सांगाड्यावर होत्या. त्यांतल्याच एका इमारतीत ते घडलं. मुलगी तेव्हा आठवीत होती.

उन्हाळ्याचे दिवस होते. जनरेटरसाठी डिझेल भरायला आलेला टँकर उतारावरून मागे घसरला आणि इमारतीच्या कोपऱ्यातल्या खांबावर जाऊन आदळला. चालक उडी मारून वाचला. खांब उभा राहिला, पण डिझेल पेटलं, आणि ज्वाळा केबलच्या पोकळीतून वरच्या मजल्यांवर गेल्या. कचेऱ्यांतले लोक दुसऱ्या बाजूच्या जिन्याने सुखरूप उतरले. मी कॉलेजात होते. कोणीतरी स्टाफरूममधला टीव्ही लावला, आणि मी पर्स उचलून निघाले. तो तिथेच असणार हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी पोचले तेव्हा रस्ता दोर लावून अडवला होता. खालची आग बरीच आटोक्यात आली होती. तिसऱ्या मजल्यावर अजून जळत होतं आणि त्याची माणसं आत नळ्या धरून पाणी मारत होती. टँकर आदळला होता तो खांब मला लांबूनही दिसत होता. त्यावरचा लेप मोठ्या भागात गळून पडला होता, आतलं पोलाद उघडं. वरच्या तुळयांचीही तीच गत असणार. मी मनात एकच म्हणत राहिले: दारं बघ, दारं बघ.

थोड्या वेळाने माणसं बाहेर यायला लागली. नळ्या आतच टाकून, एकामागून एक. सगळ्यांत शेवटी तो आला. त्याने मागे वळून वर पाहिलं आणि हात आडवे करून सगळ्यांना आणखी लांब हटवलं.

इमारतीच्या मालकांचा कोणी मोठा माणूस धावत आला. "बाहर कैकू आए? आग तो बुझने को आई! अंदर करोड़ों का सामान है!"

"ऊपर का दरवाजा अड़ रहा साहब."

"दरवाजा? दरवाजे के वास्ते भाग आए तुम लोग?"

"हौ," तो म्हणाला. "मैं अब मेरे बच्चों को अंदर नहीं भेजता."

"नौकरी जाएगी तुम्हारी!"

"जाने दो."

मग तो माझ्याजवळून गेला. त्याने मला पाहिलं की नाही, कळलं नाही. काही पावलं पुढे गेला, परत फिरला आणि म्हणाला, "पाणी आहे का गं?" मी पर्समधली बाटली दिली. त्याने अर्धं पाणी प्यायलं आणि उरलेलं डोक्यावर ओतलं.

आम्ही सगळे लांब उभं राहून वाट बघत होतो, ती इमारत पडायची. बाहेरून वरच्या मजल्यांवर पाणी मारलं जात होतं, पण तिसरा मजला तसाच जळू दिला गेला. तो मजला पूर्ण जळला. संध्याकाळपर्यंत आग आपली आपणच विझली.

इमारत पडली नाही.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात फोटो आला. नळ्या टाकून बाहेर येणारी माणसं आणि मागे धूर. खालच्या मजकुराचा सूर असा होता की हे लोक घाबरून पळाले. शाळेत एका मुलीने आमच्या लेकीला म्हटलं, "तेरे डैडी भाग गए ना?" ती रडत घरी आली. तो बूट काढत होता. त्याने तिला शेजारी बसवलं.

"हौ, पळालो," तो म्हणाला. "सगळ्यांना घेऊन पळालो. एकालाही मागं नाही ठेवलं."

तिने डोळे पुसले. पण तिला ते पुरेसं वाटलं नाही, हे आम्हा दोघांनाही दिसलं.

चौकशी बसली. हाच माझा विषय, आणि शहरात तो जाणणारी माणसं मोजकीच. तरी मला तिथून लांब ठेवलं गेलं. ते बरोबरच होतं. मी त्याची बायको होते. दुसऱ्या इंजिनिअरांनी त्या कोपऱ्यातल्या खांबांची मापं घेतली, खांब बाहेरून टेकू देऊन बदलला. त्यांचा निष्कर्ष सावध होता. खांब वाकला होता आणि त्याचा भार शेजारच्या खांबांनी उचलला होता. इमारत कोसळली असती असं म्हणता येत नाही. कोसळली नसती असंही म्हणता येत नाही. जागेवरच्या अधिकाऱ्याने आपल्या अंदाजाने निर्णय घेतला. त्याला दोष दिला नाही, पण बरोबर होतास असंही कोणी म्हटलं नाही. काही महिन्यांनी त्याची बदली नव्या भरतीच्या लोकांना शिकवायच्या कामावर झाली.

तो ते काम मनापासून करायचा. पोरांना त्याचा लळा लागला. तक्रार त्याने कधी केली नाही. फक्त अधूनमधून, रविवारी गॅलरीत चहा पिताना किंवा मोटारसायकल पुसताना, अगदी सहज विचारायचा, "का पडली नाही गं ती, मॅडम?"

त्या विचारण्यात माझ्यावर राग नव्हता. खूण मी दिली होती, त्याने ती पाळली होती, आणि तरी इमारत उभी राहिली होती. त्याला खरंच कुतूहल होतं. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाने आयत्या वेळी भलतंच काही करावं, तसं त्याला त्या इमारतीबद्दल वाटायचं. मी घरी बसून गणितं करायचे. पण माझ्याकडे नकाशे नव्हते, मापं नव्हती. वर्तमानपत्रातल्या फोटोंवरून मी किती काढणार? तिसऱ्या मजल्याच्या तुळया तेवढ्या तापल्या असतील तर मजला लोंबायला हवा होता, आणि लोंबला तर त्याने तो दुखावलेला खांब आत ओढायला हवा होता. दर वेळी माझं गणित इमारत पाडायचं.

"काय निघालं?" तो विचारायचा.

"पडायला पाहिजे होती."

"मग ती तुझं गणित नाही शिकलेली," असं म्हणून तो हसायचा.

एका हिवाळ्यात सकाळी, पेपर वाचता वाचता, त्याचं हृदय थांबलं. मी आत डबा भरत होते. आधी काही आजार नाही, छातीत दुखलं असंही कधी म्हणाला नाही. ज्याने जन्मभर सगळ्या खुणा ओळखल्या, त्याला स्वतःची एकही दिसली नाही. किंवा दिसली असेल, आणि त्याने आम्हाला सांगितली नसेल. हे मला आता कधीच कळणार नाही.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. मुलगी शिकायला वसतिगृहात गेली होती. बरकतपुऱ्याच्या घरात मी एकटी राहू लागले. लोक विचारतात, सगळ्यांत जास्त कशाची आठवण येते? त्यांना वाटतं मी सणांबद्दल सांगेन. मला त्याच्या प्रश्नांची आठवण येते. कॉलेजातून घरी यावं, दिवसभराच्या कामातलं काही सांगावं, आणि समोरच्याने "मग याचा उपयोग काय?" असं विचारून आपल्याला पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लावावा. तसं आता कोणी विचारत नाही. सगळे मान डोलावतात. हॉटेलात गेले की दुसरी वाट आता मी बघते, आणि ती सापडली की सांगायला शेजारी वळते.

गेल्या वर्षी ती इमारत विकली गेली. नव्या मालकांना तिसऱ्या मजल्यावर जड यंत्रं बसवायची होती. जुन्या आगीची माहिती त्यांना कळली होती, म्हणून त्यांनी इमारत तपासायला एका इंजिनिअरला बोलवायचं ठरवलं, आणि शोधत शोधत माझ्याकडे आले. मी त्यांना आधीच सांगितलं की त्या आगीच्या वेळचा अधिकारी माझा नवरा होता. ते म्हणाले, आता त्याने काही बिघडत नाही, आम्हाला फक्त मजला किती भार घेईल ते हवं आहे. त्यांनी सगळे नकाशे, जुन्या चौकशीची मापं, काय असेल ते माझ्यासमोर ठेवलं. इतकी वर्षं जे मला हवं होतं ते सगळं, चहाच्या कपाशेजारी.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. नव्या मालकांनी आतलं सामान, फरशा, भिंतींवरच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या. फरशीखाली मजला सपाट करायला घातलेला काँक्रीटचा थर होता. जागोजागी भोक पाडून मोजला, तर कडेला तो बोटभर, आणि मधोमध वीतभर. म्हणजे मजला लोंबला होता. आगीत तो मोठ्या परातीसारखा खोल झाला आणि तसाच राहिला. नंतर कोणीतरी वरून भर घालून तो झाकला. माझं गणित तिथवर बरोबर होतं.

आगीच्या खुणा शोधताना काँक्रीटचा रंग बघतात. खूप तापलं की ते गुलाबी पडतं. पण हैदराबादचा दगडच मुळात गुलाबी छटेचा, त्यामुळे इथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. म्हणून मी जिन्याच्या भिंतीपाशी बसून, विजेरी लावून, अगदी जवळून बघत होते. फळ्यांमागे जुनी भिंत तशीच काळी राहिली होती, कोणी धुतली नव्हती. आणि त्या काळ्या भिंतीवर, जमिनीपासून थोडी वर, मला एक करडी रेघ दिसली.

आधी वाटलं ओल असेल. मग मी ती रेघ धरून पुढे सरकत गेले. ती भिंतीभर होती, अगदी पाणसळ, एका पातळीत. पुढच्या खांबावर होती, त्याच्याही पुढच्या खांबावर होती. भरावाखालचा मूळ मजला मध्ये खोल होत गेला तशी ती त्याच्यापासून उंच होत गेली; पण रेघ स्वतः कुठेही वर-खाली झाली नाही. ती राखेची रेघ होती. त्या मजल्यावर पाणी साचलं होतं.

मी विजेरी खाली ठेवली आणि वही काढली.

नळ्यांनी मारलेलं पाणी एरवी जिन्यावरून, मोरीतून निघून जातं. पण त्या दिवशी छताखालच्या फळ्या कोसळून मोऱ्या तुंबल्या होत्या, आणि मजला मध्ये खोल झाला होता. पाणी जायचं कुठे? ते मजल्याच्या पोटात साचत राहिलं. मऊ पडलेल्या तुळयांवर पाण्याचा भार, त्या भाराने आणखी खोली, आणि त्या खोलीत आणखी पाणी. ते थांबलं, कारण पाणी मारणारी माणसं बाहेर पडली. मग साचलेलं पाणी भेगांतून हळूहळू खाली गेलं, आणि रेघ मागे राहिली.

मी घरी येऊन गणित नव्याने मांडलं. आता प्रत्येक माप खरं होतं. त्या रेघेपर्यंत पाणी धरलं तर मजला जेमतेम तग धरत होता. पाणी आणखी थोडं चढवलं की तो तुटायचा, तुटताना तो कोपऱ्यातला खांब आत ओढायचा, आणि मग वरचे मजले. मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. गणितात शक्यता असते, खात्री नसते. नव्या मालकांना दिलेल्या अहवालात मीही तसंच लिहिलं. पण मला जे दिसलं ते असं होतं. त्याने माणसं बाहेर काढली, म्हणून इमारत पडली असती तरी माणसं वाचली असती, एवढंच आजवर म्हणता येत होतं. खरं म्हणजे त्याने माणसं बाहेर काढली, म्हणूनच इमारत पडली नाही.

मी खुर्ची मागे सारून उठले आणि गॅलरीकडे निघाले, त्याला सांगायला. अर्ध्या वाटेत थांबले. तो गेल्याला तेव्हा बराच काळ झाला होता, आणि असं विसरून, उठून त्याच्याकडे निघणं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. मी उंबऱ्यापाशी तशीच उभी राहिले. हातात कागद होता. खाली कोणीतरी पेरू विकत होता.

काही दिवसांनी मी त्याच्या तुकडीतल्या एका जुन्या माणसाकडे गेले. तो निवृत्त होऊन विद्यानगरला मुलाकडे राहतो. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर नळी त्याच्याच हातात होती.

"ऊपर पानी जमा था क्या, याद है आपको?" मी विचारलं.

"जमा? जूते के अंदर आ गया था मैडम. गरम पानी. साहब बोले, ये पानी जा कैकू नहीं रहा? फिर दरवाजे पे हाथ मारे. दरवाजा हिला नहीं. बस, बोले, सब छोड़ो, चलो."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. मग आत जाऊन त्याने बायकोला बोलावलं, मुलाला बोलावलं, आणि म्हणाला, "मैडम, इनको भी बोलो. फिर से बोलो." मी पुन्हा सांगितलं. त्याची बायको तेलुगू. तिला तो प्रत्येक वाक्यानंतर उलगडून सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज हळूहळू चढत होता. इतक्या वर्षांत त्यालाही कोणी ना कोणी "भागे थे" म्हटलंच असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मुलीला मी फोनवर सांगितलं नाही. रविवारी तिला घेऊन त्या इमारतीत गेले. काम बंद होतं, पहारेकऱ्याने वर सोडलं. मी तिला रेघ दाखवली. तिचं शिक्षण संगणकाचं, खांब-तुळयांतलं तिला फार कळत नाही, पण ती वाकून त्या रेघेवर बोट ठेवून चालत राहिली, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बोट काळं झालं. मी बोलत होते, ती ऐकत होती.

"म्हणजे पप्पांनी बिल्डिंग पण वाचवली?" तिने शेवटी विचारलं.

"मला तसं वाटतं. सिद्ध करता येईल असं नाही."

"पप्पांना माहीत होतं?"

"नाही."

ती तिथे उभ्या उभ्याच रडली. आठवीत रडली होती तशी, तोंड झाकून न घेता. मी तिला जवळ घेतलं. खिडकीला काचा नव्हत्या, वारा येत होता, आणि खालून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज.

उतरताना जिन्यात ती म्हणाली, "आई, पप्पा काय म्हणाले असते गं हे ऐकून?"

एवढी वर्षं त्याच्यासोबत काढली, त्याचं चालणं, खोकणं, जेवताना ताट फिरवणं सगळं मला पाठ आहे. पण तो काय बोलेल हे मला कधीच आधी सांगता आलं नाही. मी एक धरून चालायचे आणि तो भलतंच काहीतरी बोलायचा. कधी त्यावर मी चिडायचे, कधी हसायचे, आणि कधी दोन दिवसांनी कळायचं की तोच बरोबर होता. हसला असता का? गप्प बसला असता का? की त्या साचलेल्या पाण्याबद्दल असा काही प्रश्न विचारला असता, की मला सगळं गणित पुन्हा मांडावं लागलं असतं?

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "तेवढंच तर ऐकायचं होतं."